प्रूफ पाठवलंय, बघून कळवा

कोल्हापुरात लग्नसराई तुळशीचं लग्न लागल्यावर सुरू होते. माझ्या फोनवर ती दसऱ्यापासूनच वाजायला लागते. "काका, पत्रिकेचे काय रेट चाललेत?" इथून सुरुवात. मग "सॅम्पलचे फोटो सोडा की". मग "यातला तिसरा पाहिजे, पण त्या दुसऱ्यावरचा गणपती याच्यावर घाला". मग मजकूर, मग मजकुरात दुरुस्ती, मग दुरुस्तीत दुरुस्ती. लक्ष्मीपुरीच्या एका बोळात आमचं छोटं ऑफसेट प्रेस आहे, वडिलांनी छपाईच्या जुन्या ट्रेडल मशीनवर सुरू केलेलं. लग्नपत्रिका, बिलबुकं, लेटरहेड, शाळांची प्रगतिपुस्तकं, वर्षअखेरीला कॅलेंडरं आणि निवडणूक लागली की पत्रकं. या सगळ्याची बोलणी, मजकूर, प्रूफ (छापण्याआधी वाचून मंजूर करायची प्रत), पैसे आणि तक्रारी आता एकाच फोनमधून ये-जा करतात. त्याच फोनमध्ये दूधवाला असतो, बहिणीचा फॅमिली ग्रुप असतो आणि मशीनच्या हप्त्याची आठवणही असते.

स्मार्टफोन वापरून कामाचा उरक कसा वाढवावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं मला फारसं कधी लागू पडलं नाही, कारण सांगणारा बहुधा ऑफिसात बसणारा असतो. नोटिफिकेशन बंद ठेवा, दिवसातून दोनदाच मेसेज बघा, सकाळचे दोन तास फोनला हातच लावू नका. अहो, माझ्याकडे नोटिफिकेशन म्हणजे गिऱ्हाईक! दुपारी बाराला पाचशे पत्रिकांचा भाव विचारणाऱ्याला मी चारला उत्तर दिलं, तर तोवर त्याने दुसऱ्या कुणाकडे ॲडव्हान्ससुद्धा पाठवलेला असतो. दुकानाची शटर ओढून घेऊन धंद्यात लक्ष घालणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. त्यामुळे फोन कमी कसा बघावा हा आमचा प्रश्नच नव्हे. फोनवरून आलेलं कुठलं धरायचं आणि कुठलं धरायचं नाही, हा आहे.

वडिलांच्या काळात गिऱ्हाईक प्रेसची पायरी तीनदा चढायचं. एकदा काम द्यायला, एकदा प्रूफ बघायला, एकदा माल न्यायला. प्रूफाच्या दिवशी माणूस बाहेरच्या बाकावर बसायचा. आत कंपोझिटर खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून, त्यांच्या गॅलीवर (तबकावर) शाई फिरवून, कागद दाबून प्रूफ काढायचा आणि ते ओलं असतानाच बाहेर आणून द्यायचा. गिऱ्हाईक चष्मा पुसायचं, बोट ठेवून एकेक ओळ वाचायचं. निम्म्यात चहा यायचा. एखादा वेलांटीवर गोल करायचा, एखादा मधेच थांबून "थोरल्या चुलत्यांचं नाव वर घ्या, नाहीतर लग्नाला यायचे नाहीत" म्हणायचा. शेवटी कागदाच्या तळाला "छापण्यास हरकत नाही", सही आणि तारीख. वडील ते सहीचे कागद तारेला ओवून ठेवायचे, वर्षभर. पुढे वाद निघालाच तर तार खाली घ्यायची, कागद काढायचा, संपलं.

त्या येण्याला सगळे हेलपाटाच म्हणायचे. गारगोटीहून, मलकापूरहून एसटीने माणूस यायचा, निम्मा दिवस मोडायचा, तोही एक कागद वाचण्यासाठी. हा हेलपाटा फोनने वाचवला हे खरं, आणि तो वाचावा असंच सगळ्यांना वाटत होतं. मलाही.

भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला, कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला. तेव्हा बोलायचा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास जायचा आणि आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. आमच्या बोळात तसला फोन कुणाकडे असणार! २००३ साली आलेला कॉल फुकट झाला आणि मग मात्र बाजारातल्या प्रत्येकाच्या खिशात काहीतरी वाजायला लागलं. आमचं नियमित गिऱ्हाईक आणि आम्ही मिस्ड कॉलवरच भागवायचो. एक रिंग म्हणजे प्रूफ तयार, दोन म्हणजे माल तयार. पैसे शून्य आणि गैरसमजही जवळपास शून्य, कारण त्या रिंगमध्ये सांगण्यासारखं एवढंच होतं: या. खरं काम माणूस आल्यावरच व्हायचं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आणि त्या एका हिवाळ्यात आमचं बहुतेक गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर गेलं. 'या' म्हणायची गरजच उरली नाही. प्रूफच त्यांच्याकडे जायला लागलं.

फोनवर प्रूफ बघणं म्हणजे नेमकं काय बघणं, हे गिऱ्हाइकाला सांगून पटत नाही. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र व्हॉट्सॲप वाटेत दाबून लहान करतं. मोठी अक्षरं चांगली दिसतात. मारामारी होते ती निमंत्रकांच्या बारीक टायपात. तिथे 'ष' चा 'प' दिसतो, 'ध' चा 'घ', 'भ' चा 'म'. शिरीषचा शिरीप झालाय की नुसता तसा दिसतोय, हे चार इंच रुंद कागदावरची पत्रिका अडीच इंच रुंद काचेत बघणाऱ्याला कळायचं कसं? तो दोन बोटांनी मोठं करून बघेल, असं आपण धरून चालतो. तो रिक्षात असतो. म्हणून आम्ही प्रूफ फोटो म्हणून पाठवतच नाही. पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, ते जसंच्या तसं जातं. एवढी एक सवय लागली तरी प्रेसवाल्याचा निम्मा ताप कमी होतो. गिऱ्हाइकांना मात्र उलट सवय लावता आलेली नाही. लोगो मागितला की ते दुकानाच्या बोर्डाचा फोटो पाठवतात, बोर्डापुढे लावलेल्या मोटारसायकलीसकट.

रंगाचं तर विचारूच नका. फोनचा पडदा उजेडातून रंग दाखवतो, लाल-हिरवा-निळा मिळून. आम्ही चार शाया कागदावर चढवतो, सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी. पडद्यावरचा तो झगझगीत पोपटी या चारांतून निघतच नाही, मशीनमनने जीव टाकला तरी. मागच्या हंगामात एका ताईंनी हट्टच धरला, पत्रिकेला पिवळी झाक मारतेय, ती काढा. आम्ही दोनदा तपासलं; कागद पांढरा, फाइल पांढरी. शेवटी मी म्हटलं, "ताई, यजमानांच्या फोनवर उघडून बघा." तिथे झाक नव्हती. ताईंच्या फोनवर डोळ्यांना त्रास नको म्हणून संध्याकाळनंतर पिवळा पडदा आपोआप चालू व्हायचा. त्या दिवसापासून आमच्या ठरलेल्या उत्तरांत एक ओळ वाढली: रंग फोनवर ठरवू नये, सॅम्पल हातात घेऊन ठरवावा.

आता व्हॉइस मेसेज. हा मला आवडतो आणि याचीच मला धास्तीही वाटते. आवडतो अशासाठी, की ज्याला टायपिंग जमत नाही तोही आता स्वतःचं काम स्वतः सांगतो. पूर्वी त्याला पोराच्या मागे लागावं लागायचं. धास्ती अशासाठी, की माणूस बोलायला लागला की त्याच्यापुढे पत्रिका नसते, माणसं असतात. एका नवरीच्या मामांनी निमंत्रकांची यादी अशीच सांगितली होती, मागे एसटी स्टँडावरची अनाउन्समेंट चालू. "लिवून घ्या. पैल्यांदा आण्णा. आण्णा म्हंजे थोरले. मग त्यांचं दोघं. मग आत्याबाईंचं मालक... न्हाई, न्हाई, थांबा, ते गेलं की गेल्या वर्साला, त्यास्नी वरच्या कैलासवासींत घ्या." आता थोरल्या आण्णांचं कागदावरचं नाव काय, त्यांचं दोघं म्हणजे मुलगे की मुलगा-सून, आणि आत्याबाईंचे यजमान गेले असतील तर त्यांचं नाव 'यांच्या आशीर्वादाने' मध्ये घ्यायचं की कुठे, हे त्या मेसेजमध्ये नाही. डीटीपीला, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर बसवायला, प्रेसमध्ये कामाला असलेली मुलगी हुशार, तिने दीडपट वेगात दोनदा ऐकलं आणि मला म्हणाली, "काका, यात 'श्री.' कुणाला आणि 'कै.' कुणाला, एवढं तरी लिहून मागवा. बाकी मी बघते." तेव्हापासून नियमच झाला. आवाजात काम ऐकायचं, पण नावं लिहून आल्याशिवाय बसवायची नाहीत. हाताने लिहून फोटो पाठवला तरी चालेल, फोनच त्यातली अक्षरं बऱ्यापैकी उचलून देतो.

इथे फोनच्या बाजूनेही बोललं पाहिजे. गिऱ्हाईक आता मजकूर स्वतः युनिकोडमध्ये टाइप करून पाठवतं, त्यामुळे आमचं निम्मं टायपिंग वाचलं, आणि नाव शीतल की शितल हा वाद आमच्या अंगावरून त्यांच्या अंगावर गेला. आमच्या श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटात तो मजकूर बदलून घेताना एखादा रफार जागा सोडतो, 'ऱ्या' मोडतो, ते नीट करावं लागतं. तरी पूर्वीची अक्षर लावायची कसरत आठवली की हे काहीच नाही. कागदवाल्याचा दर, ट्रान्सपोर्टची पावती, जीएसटीचं रिटर्न भरताना येणारा ओटीपी, सगळं जागेवर. पैसेही. फक्त, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि पैसे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काउंटरवरचा पैसे आल्याचं सांगणारा डबा बोलला किंवा बँकेत दिसले की आले.

मग येतात ग्रुप. गिऱ्हाईक सोयीचं म्हणून प्रेसवाल्याला घरच्या ग्रुपमध्येच घेतं. 'लग्नपत्रिका फायनल' असं ग्रुपचं नाव, आत सोळा-सतरा माणसं, दोन दुबईला, एक पुण्यात, आणि मी. प्रूफ टाकलं की पाच मिनिटांत अंगठे, फुलं, हात जोडलेले. मग कुणीतरी विचारतं, "सीमा आत्याचं नाव का नाही?" मग शांतता. मग ज्याने यादी केली तो ग्रुप सोडून जातो. कुणाच्या घरातलं हे सगळं मी का बघतोय असं वाटून मान खाली घालावी, तर तेवढ्यात मेसेज येतो, "काका, तुम्ही छापायला घ्या, आम्ही बघतो." कुणाचं ऐकायचं? ज्याने ॲडव्हान्स दिला त्याचं, की ज्याच्या मुलीचं लग्न आहे त्याचं? बाकावर बसून सही करणारा एकच असायचा. त्याने घरात काय ऐकून घेतलं ते त्याचं त्याला माहीत. आमच्यासमोर यायचा तेव्हा भांडण मिटवून यायचा. फोनने हेलपाटा वाचवला तो असा, की घरातलं ठरायच्या आधीच काम आमच्या दारात येऊन पडतं, आणि ते ठरवायचा वेळ आमच्या खात्यात लागतो. प्रूफ तीनच्या जागी नऊ जातात. माझ्या हिशेबी छोट्या धंद्यात स्मार्टफोनने काम वाढवलं ते बहुतेक इथेच, आणि याचे पैसे कुठल्याच बिलात धरता येत नाहीत.

अंगठ्याचं आणखी एक. कॅनडात सस्काचेवान नावाचा प्रांत आहे, शेतीचा मुलूख. तिथे २०२१ मध्ये एका धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने एका शेतकऱ्याला ८७ टन जवसाच्या सौद्याच्या कागदाचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि खाली लिहिलं, कन्फर्म करा. शेतकऱ्याने नुसता अंगठा पाठवला. पुढे भाव चढले आणि जवस काही पोचलं नाही. शेतकऱ्याचं म्हणणं, अंगठा म्हणजे कागद मिळाला एवढंच. २०२३ मध्ये कोर्टाने सांगितलं, तुमचे आधीचेही सौदे अशाच 'ओके', 'बरंय' वर झालेत आणि तुम्ही माल दिलेला आहे. तेव्हा हा अंगठा म्हणजे सहीच. भरपाई ८२ हजार कॅनेडियन डॉलरच्या वर. २०२४ मध्ये वरच्या कोर्टानेही तेच कायम केलं. आपल्याकडेही करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्यावरून तो बाद होत नाही, असं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १० ए सांगतं. पण बाराशे रुपयांच्या पत्रिकांसाठी कोर्टात कोण जाणार? आणि गेलो तरी जिंकून काय मिळवणार? त्या घरातली पुढची दोन लग्नं, एक वास्तुशांत आणि एक बारसं दुसऱ्या प्रेसला. आमच्या धंद्यात पुरावा लागतो तो समोरच्याला आठवण करून द्यायला, हरवायला नव्हे.

आणि तो पुरावा फोनमध्ये राहीलच असंही नाही. २०२३ पासून व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो. 'एडिटेड' अशी बारीक खूण राहते, पण आधी काय लिहिलं होतं ते दिसत नाही. काढून टाकायचा तर दोन दिवसांहून थोडी जास्तच मुदत असते. मी असं म्हणत नाही की लोक मुद्दाम करतात. सकाळी तारीख पाठवली, भटजींनी मुहूर्त सरकवला, माणसाने तोच मेसेज दुरुस्त केला. त्याच्या मते त्याने कळवलं. इकडे डीटीपीच्या मुलीने पहिला मेसेज वाचून मजकूर बसवायला घेतलेला. दोघेही खरं बोलतात आणि पत्रिका खोटी निघते.

तेव्हा आम्ही काय करतो ते सांगतो. यात शोध काही नाही. धंद्याचा नंबर वेगळा, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस. हे ॲप २०१८ च्या जानेवारीत आलं, पण आमच्या बाजारात अजून निम्म्यांनी घेतलेलं नाही. फुकट आहे म्हटल्यावर लोकांना त्यात काही असेल असं वाटत नाही. त्यातली लेबलं ही खरी कामाची चीज. 'नवीन ऑर्डर', 'पेमेंट बाकी' ही तयार मिळतात, आम्ही आमची केली: प्रूफ गेलं, दुरुस्ती आली, प्लेटला, मशीनवर, बाइंडिंगला. सकाळी मी मेसेज उघडत नाही, लेबल उघडतो. 'प्रूफ गेलं' मध्ये जे तीन दिवस पडून आहेत त्यांना फोन करायचा, मेसेज नाही. जो मेसेजला उत्तर देत नाही तो दुसऱ्या मेसेजलाही देत नाही. रेट, पत्ता, ॲडव्हान्सचा नियम, रंगाची सूचना ही ठरलेली उत्तरं एका तिरप्या रेघेनंतर एक अक्षर टाकलं की येतात.

मंजुरी म्हणून अंगठा धरत नाही, 'ओके' धरत नाही. गिऱ्हाइकाने लिहायचं: प्रूफ तीन वाचलं, छापा, आणि खाली नाव. फाइलला जॉब नंबर, तारीख आणि प्रूफाचा आकडा. नावात 'फायनल' लिहायला बंदी. ती ओळ आली की मुलगी तिचा स्क्रीनशॉट काढते, साध्या कागदावर छापते आणि जॉबकार्डाला टाचते. होय, कागदावर. त्याच्याशिवाय मशीनमन छपाईची प्लेट लावत नाही; मी सांगितलं तरी लावत नाही, तसंच त्याला सांगून ठेवलंय. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी दिवसभर फोनवर जे काही ठरलं ते जॉब रजिस्टरात उतरवायचं, बॉलपेनने. वडिलांचा रोजमेळ संध्याकाळी मिटायचा, तसाच हा. उतरवलं नाही ते ठरलंच नाही असं समजायचं. मी पाहिलेल्या छोट्या धंद्यांत, फोन ज्यांना जमला त्यांच्या टेबलावर वही हमखास असते. ज्यांच्याकडे सगळं फोनमध्येच असतं, ते दिवसभर वर-खाली बोट फिरवत एक मेसेज शोधत असतात.

नंबर एकच ठेवण्यामागे आणखी कारण आहे. डीटीपी करणारी मुलं सोयीसाठी गिऱ्हाइकाला स्वतःचा नंबर देतात. मग दुरुस्ती त्यांच्या फोनवर, लोगो त्यांच्या फोनवर, आणि पोरगा मावसभावाच्या लग्नाला गेला की इकडे मशीन थांबून. शिवाय रात्री साडेदहाला गिऱ्हाईक त्याला घरी मेसेज करणार, आणि पगार देणारा मी, मला पत्ताच नाही. आता प्रेसचा नंबर प्रेसच्या कॉम्प्युटरला जोडलेला आहे. एका फोनला चार उपकरणं जोडता येतात, फोन बंद असला तरी चालतात. फक्त मूळ फोन चौदा दिवस उघडलाच नाही तर सगळी सुटतात. मुलगी तिथूनच उत्तरं देते आणि सातला घरी जाते, तिच्या फोनमध्ये प्रेस नसतं. पुढे ती स्वतःचं काम काढेल आणि चार गिऱ्हाइकं नेईल, ते वेगळं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. वडीलही कुणाच्या तरी प्रेसमधून चार गिऱ्हाइकं घेऊनच बाहेर पडले होते.

कामाच्या वेळेनंतर साहेबाचा फोन न घेण्याचा हक्क असावा, म्हणून खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खाजगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून. नोकरी करणाऱ्यांसाठी हे झालंच पाहिजे असं माझं मत. पण मी हा हक्क कुणाकडे मागू? माझा साहेब म्हणजे रात्री अकराला "काका, जागे आहात का?" विचारणारा नवरदेवाचा भाऊ. दिवसभर त्याला नोकरी असते, लग्नाचं काम तो जेवण झाल्यावरच काढणार. त्याला आपोआप जाणारा निरोप मिळतो, की प्रेस सकाळी नऊला उघडेल, मजकूर पाठवून ठेवा. गंमत म्हणजे हा निरोप गेला की लोक नाराज होत नाहीत, उलट निवांत होतात. त्यांना रात्री उत्तर नकोच असतं बहुतेक वेळा; डोक्यातलं कुणाकडे तरी टाकून झोपायचं असतं.

२५ ऑक्टोबर २०२२ ला व्हॉट्सॲप दुपारचं दोनेक तास बंद पडलं. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन, दुसऱ्या दिवशी पाडवा, आणि त्याच संध्याकाळी सूर्यग्रहण, त्यामुळे बाजारात एकच विनोद चालू होता. आमच्याकडे पाडव्याच्या मुहूर्तावर उघडणाऱ्या एका दुकानाचं हँडबिल अडकलं होतं, सकाळपासून प्रूफावर प्रूफ चाललेलं. मेसेज जाईना म्हटल्यावर तो माणूस पेन ड्राइव्ह घेऊन गाडीवरून आला, मुलीच्या शेजारी खुर्ची ओढून बसला, आणि पाऊण तासात सगळं उरकून मशीनला गेलं. जाताना म्हणाला, "बरं झालं बंद पडलं." मी काही बोललो नाही, पंधरा दिवसांनी त्याचं बिलबुक होतं, तेव्हा तो परत फोनवरच होता.

काही ठिकाणी मात्र कायद्यानेच हेलपाटा राखून ठेवला आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम १२७ ए. लोकसभा किंवा विधानसभेच्या निवडणुकीचं पत्रक छापायचं तर त्यावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. आणि छापण्याआधी प्रकाशकाने स्वतःच्या सहीचं घोषणापत्र, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षीच्या सह्यांसह, दोन प्रतींत मुद्रकाला द्यायला हवं. त्यातली एक प्रत पत्रकासोबत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जाते. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड किरकोळ वाटेल, पण प्रेसवाला कैदेच्या शब्दाला भितो.

२०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, नेमकं लग्नसराईच्या तोंडावर. कार्यकर्त्यांचे मेसेज रात्री येतात आणि त्यांत तीनच गोष्टी असतात: पाच हजार, सकाळी सहा, आणि साहेबांचा फोटो. घोषणापत्राचा कोरा नमुना मी पाठवतो. "काका, सही करून फोटो सोडलाय की." फोटो नको बाबा, कागद आण आणि साक्षीदारांनाही आण. शिव्या घालत तिघे येतात, बाकावर बसतात, चहा मागवतात. बसलेच आहेत म्हणून प्रूफ समोर ठेवलं, तर साक्षीदारांतला एक म्हातारा, ज्याचा या सगळ्याशी फक्त सहीपुरता संबंध, तो म्हणाला, "आरं, हे चिन्ह बरोबर हाय, पण अनुक्रमांक आपला तीन न्हवं का? हितं पाच हाय." फोनवर ते प्रूफ दोन ग्रुपमधून फिरून चाळीस अंगठे घेऊन आलं होतं.

माझी स्वतःची मुलगी पुण्यात शिकते. तिचं म्हणणं, बाबा, आता मोठ्या कंपन्या ठेवतात तसा आपोआप उत्तरं देणारा बॉट बसवू. रेट तोच सांगेल, मजकूर तोच मागेल, प्रूफ गेल्याची आठवण तोच करेल. सुट्टीत तिने फोनवर करूनही दाखवला. रेटापुरता चांगला चालला. मग मी तिला गंमत म्हणून मागच्या हंगामातल्या एका ग्रुपमधलं नावांचं भांडण वाचायला दिलं, आणि यात बॉट कुणाची बाजू घेईल म्हणून विचारलं. ती हसली, पण रेटाचा बॉट बसवूया या म्हणण्यावर ठाम आहे. यंदा दसऱ्यानंतर बघू.

माझा विचार वेगळा चालला आहे. यंदाच्या रेटकार्डात मी एक ओळ घातली: प्रेसवर येऊन प्रूफ बघितल्यास दुरुस्ती मोफत, फोनवर तिसऱ्या प्रूफानंतर प्रत्येक दुरुस्तीला शंभर रुपये. दुबईवाले, पुणेवाले यांच्या वतीने गावातलं कुणीही आलं तरी चालेल, पण एकाने यायचं आणि सही करायची. पहिले काही दिवस कुरकुर झाली. आता लोक येतात, पेन आम्हीच देतो, आणि सही करता करता विचारतात, "काका, आलोयच हितवर, तर पत्रिकेमागं कमी किती करणार?"